आपल्या दुःखात श्रद्धा, दुसऱ्याच्या दुःखात सेवा

बारामती तालुक्यातील कन्हेरी येथे श्री मारुतीरायाच्या दर्शनास येणारा भाविक कधी सुखात येतो, कधी दुःखात. घरी सर्व कुशल असले की तो नव्या कार्याचा नारळ वाढविण्यास येतो. घरात आजारपण, कर्ज किंवा वियोग असला की त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, ‘देवा, हे माझ्याच वाट्याला का?’ सुखाच्या दिवसांत ईश्वरी योजनेवर विश्वास ठेवणे सोपे असते. दुःखाच्या दिवसांत त्या विश्वासाचा अर्थ काय, हा खरा प्रश्न आहे.

या परिसरातून दरवर्षी आषाढी वारीसाठी जगद्गुरू श्री तुकाराम महाराजांची पालखी जाते. बारामतीचा मुक्काम आटोपून ती काटेवाडी, सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरकडे मार्गस्थ होते. काटेवाडीस परीट समाजबांधव धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. ज्या महाराजांसाठी या पायघड्या अंथरल्या जातात, त्यांनी ऐन तारुण्यात, इ. स. १६३० च्या सुमारास, महाभयंकर दुष्काळ सोसला होता. त्यात त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, पुत्र गेला, व्यापार बुडाला आणि गावातील पतही राहिली नाही. हे त्यांनी स्वतःच्या अभंगांतून सांगितले आहे.

असे का घडले, याचे उत्तर त्यांना कोणी दिले नाही. त्यांनी पुढे काय केले, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. वडिलोपार्जित विठ्ठल मंदिर मोडकळीस आले होते, त्याचा त्यांनी जीर्णोद्धार केला. घरी सावकारीची कर्जखते होती. परंपरा सांगते की, धाकट्या बंधूंचा हिस्सा त्यांना देऊन महाराजांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. स्वतः सर्वस्व गमावलेल्या पुरुषाने इतरांच्या डोक्यावरील ऋणाचा भार उतरविला. ईश्वराचा हेतू कळेपर्यंत ते थांबले नाहीत. समोर दिसलेले कर्तव्य त्यांनी केले.

श्री मारुतीरायाचे चरित्रही हेच शिकविते. वाल्मीकी रामायणातील सुंदरकांडात प्रत्यक्ष हनुमंतही निराश झाल्याचे वर्णन आहे. संपूर्ण लंका धुंडाळूनही सीतामाई सापडेनात, तेव्हा रिकाम्या हाताने परत कसे जावे, या विचाराने ते व्याकूळ झाले. प्राणत्यागाचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. मग त्यांनी मन सावरले आणि न पाहिलेल्या अशोकवनाकडे पाऊल टाकले. निराशा येणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. निराशेनंतरही शोध सुरू ठेवणे, हीच श्रद्धा होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘ही देवाचीच इच्छा’ हे वाक्य मनुष्याने स्वतःच्या दुःखात स्वतःस सांगितले, तर त्यास धीर येतो. तेच वाक्य भुकेल्यास, आजाऱ्यास किंवा शोकाकुल मातेस ऐकविले, तर ती निष्ठुरता ठरते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, रस्ते व पाझर तलाव यांच्या कामांवर घाम गाळला. त्यांना उपदेशापेक्षा कामाची व अन्नाची गरज होती. त्याच अनुभवातून पुढे १९७७ साली राज्यात रोजगार हमी कायदा संमत झाला. दुष्काळग्रस्ताच्या हातास काम देणे, हेदेखील ईश्वराचेच कार्य होय.

अलीकडे २०२० व २०२१ या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. महाराजांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस नेण्यात आल्या. काटेवाडीच्या वाटेवर पायघड्या पडल्या नाहीत, रिंगणे झाली नाहीत. वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ म्हटला, तुळशीस प्रदक्षिणा घातली आणि नेम चालविला. २०२२ साली दिंड्या पुन्हा याच वाटेने चालू लागल्या. संकटाच्या काळी जो नेम उपयोगी पडला, तो साध्या दिवसांतच अंगवळणी पडलेला होता. या पर्जन्यछायेच्या प्रदेशातील शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. पाऊस किती पडेल हे ठाऊक नसतानाही तो नांगरट करतो, बियाणे राखतो आणि मृगाची वाट पाहतो.

म्हणून भाविकांनी श्रींच्या चरणी मस्तक ठेवताना आपले दुःख अवश्य सांगावे. उत्तर त्वरित न मिळाल्यास खचून जाऊ नये. दात्यांनी दान करताना आपण कोणावर उपकार करीत आहोत, असे मानू नये. एखाद्या पीडिताने देवाकडे मागितलेले साहाय्य कदाचित आपल्याच हातून त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे असेल. दर्शन घेऊन घरी परतल्यावर शेजारच्या एका दुःखी घराची विचारपूस झाली, तर ती यात्रा सफल झाली असे समजावे.

सर्व भाविकांस संकटात धैर्य आणि सुखात सेवाबुद्धी लाभो, हीच श्री मारुतीरायाच्या चरणी प्रार्थना.