रेघ कुठे मारायची?

(आत्या तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. भाची तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. विषय टीबी शिबिराचा. मी ऐकणारा.)

आत्या : म्हणजे एक्स-रे बघायला तज्ज्ञच नाही?

डॉक्टर : तो जिल्ह्याच्या गावी. आमच्याकडे हातात धरायचं एक्स-रे यंत्र आणि लॅपटॉपवर एआय. पंधरा वर्षांवरच्यांच्या तपासणीत माणसाऐवजी हे चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्येच सांगितलंय.

आत्या : ते 'टीबी आहे' म्हणतं?

डॉक्टर : नाही, आकडा देतं. कितीच्या वर असला की थुंकी तपासायची, ती रेघ आपण मारायची.

आत्या : कशावरून?

डॉक्टर : खरं सांगू? थुंकी तपासणाऱ्या, गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅट यंत्राच्या चिप किती उरल्यात, त्यावरून. रेघ खाली आणली की चिप संपतात. वर नेली की रुग्ण निसटतात.

आत्या : निसटलेला घरी जातो, मशीननं 'काही नाही' सांगितलं म्हणून निर्धास्त. खरं तर सांगितलं तुम्ही!

डॉक्टर : आधी काय होतं, आत्या? दोन आठवडे खोकला असेल त्याचीच थुंकी घ्यायचो. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय टीबी पाहणीत एक्स-रे काढला नसता, तर सुमारे 43 टक्के रुग्ण सापडलेच नसते.

आत्या : पण 'काहीच नव्हतं, त्यापेक्षा बरं' म्हणताना ते 'काहीच नसणं' तू पाऊस न पडण्यासारखं धरतेस. रिकामी पदं आभाळातून पडत नाहीत.

डॉक्टर : पद भरेपर्यंत खोकणाऱ्याला हा युक्तिवाद ऐकवू?

(इथे मी भाचीच्या बाजूचा. आत्याही गप्प झाल्या, पण हार मानून नव्हे.)

आत्या : आणि ज्यांना टीबी होऊन गेलाय?

डॉक्टर : जुन्या व्रणांनी यंत्र फसतं, आकडा चढतो. डॉक्टरही फसतो, पण तो निदान विचारतो, आधी औषधं घेतली होती का.

आत्या : मागच्या शिबिरात रेघ कितीवर होती?

डॉक्टर : नोंदवहीत तसा रकानाच नाही.

आत्या : मग आख.

डॉक्टर : लोक विचारतील, खाली का नाही आणली.

आत्या : विचारू दे की! चिप मागायला तेवढाच आधार.

डॉक्टर : आणि ज्याचा आकडा दोननं कमी भरला, त्याला सांगायचं?

आत्या : सांगायलाच हवं.

डॉक्टर : सांगून पाठवू कुठे?