घोंगडे आणि पावती

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बीडकडच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर बारामती-इंदापूरच्या वाटेला लागतात. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर येथल्या कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता'! माणसे दोन, हात चार आणि नाव मात्र हत्याराचे.

थंडीत त्यांना घोंगडी वाटणारे पुष्कळ निघतात. मीही ऊसवाला, मीही वाटली आहेत. पण त्याच पैशांतून उचलीचा हिशेब तपासणारा, मजुरीसाठी मुकादमाशी भांडणारा एखादा कार्यकर्ता पोसा म्हटले, की आपला हात आखडतो. 'हे राजकारण झाले,' असे आपण म्हणतो. खरे कारण निराळे असावे. घोंगडे घेणारा हात जोडतो. हिशेब कळलेला माणूस प्रश्न विचारतो, आणि पहिला प्रश्न कदाचित दात्यालाच!

1979 साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, पण तो परराज्यात जाणाऱ्यांचा. बीडहून बारामतीस येणारा परका ठरला नाही, म्हणून त्याच्या कक्षेबाहेर राहिला. आपलेपणाचाही असा तोटा होतो!

मग स्वतःविरुद्ध बोलणाऱ्याला पैसा द्यावा काय? मला वाटते, द्यावा. आणि दिल्यावर त्याने काय बोलावे हे सांगू नये. हे दुसरे फार जड जाते. गेल्या साली आमच्या बांधावर मोळी बांधता बांधता एक बाई म्हणाली, "दादा, घोंगडं ऱ्हाऊ द्या, वजनाची पावती दावा."

पावती घरातच होती. ती आणून दाखवायला मला दोन दिवस लागले.