विखुरलेल्याचे एकत्व

एखादी वस्तू मोडली, तिचे अवयव दूरदूर विखुरले, तर ती 'आहे' असे म्हणावयाचे की 'होती' असे? हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. नैयायिकांच्या मते अवयवी हा अवयवांहून निराळा पदार्थ. परंतु अवयवांचा संयोग सुटला की त्याचा नाश झालाच. उलट नागसेनाने मिलिंद राजास रथाच्या दृष्टांताने दाखविले की, चाके, आस, दांडी यांहून वेगळा असा रथ मुळातच नाही. ते केवळ व्यवहाराचे नाव. पक्ष परस्परविरोधी खरे, पण विखुरलेल्या वस्तूस एकत्व नाही, याविषयी दोघांचेही एकमतच व्हावे. या निर्णयाचा फेरविचार करावयास लावील असा एक दाखला आधुनिक ज्योतिःशास्त्रात आहे.

१९९४ साली इबाटा, गिलमोर व अर्विन या संशोधकांस धनू राशीच्या दिशेस, आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापलीकडे, एक लहानशी दीर्घिका आढळली. आकाशगंगेचे आकर्षण तिच्या जवळच्या बाजूवर अधिक व दूरच्या बाजूवर कमी पडते. समुद्रास भरती आणणारी हीच विषमता तिला अब्जावधी वर्षे उसवीत आली आहे. गाभा अद्याप उरला आहे. परंतु सुटलेल्या ताऱ्यांचे प्रवाह आकाशगंगेला वेढून सर्व आकाशभर पसरले आहेत.

हे तारे परक्यांच्या गर्दीतून ओळखावयाचे कसे? येथे 'आर आर लायरी' जातीचे रूपविकारी तारे साहाय्यास येतात. सुमारे अर्ध्या दिवसाच्या ठराविक कालाने ते फुगतात व आकसतात, आणि त्याबरोबर त्यांचे तेज वाढते व घटते. त्या सर्वांचे मूळ तेज जवळजवळ सारखे असल्यामुळे, तारा जितका मंद दिसेल तितका तो दूर, हा हिशेब मांडता येतो. शिवाय त्यांचे वय साधारणतः एक हजार कोटी वर्षांहून अधिक. म्हणजे फाटाफुटीपूर्वीच्या काळाचे ते साक्षीदार होत. विकारी म्हणजे अविश्वसनीय, असे आपण समजतो. येथे मात्र नियमबद्ध विकारामुळेच साक्ष ग्राह्य ठरते. त्यांच्या आधारे या प्रवाहाचा माग तीन लक्ष प्रकाशवर्षांपलीकडेही लागला आहे.

तथापि अंतर म्हणजे नाते नव्हे. २०१३ साली सोडलेल्या 'गाइया' यानाने ताऱ्यांच्या गतीही मोजल्या. तेव्हा शेजारीच असलेला तारा भिन्न गतीमुळे परका ठरतो, आणि आकाशाच्या विरुद्ध टोकाचा तारा त्याच प्रवाहातला निघतो. एकेका ताऱ्याविषयीचा निर्णय संभवाचाच असतो. समूहाविषयीचा मात्र बळकट होतो.

यावरून नैयायिकांस म्हणता येईल की, संयोग तुटला तरी संबंध तुटतोच असे नाही. नागसेनासही म्हणता येईल की, हे नाव केवळ सोयीचे नाही. कारण हे तारे एका घरचे मानले तरच त्यांच्या मार्गांचा उलगडा होतो, एरव्ही तो निव्वळ योगायोग उरतो. एकत्व सान्निध्यात नसते. ते समान उगमात व त्या उगमाने घालून दिलेल्या गतीत असते, आणि म्हणूनच ते तपासता येते.

दुष्काळाने, युद्धाने वा फाळणीने उधळलेल्या कुटुंबांविषयी व समाजांविषयी बोलताना आपण दोन प्रकारे अन्याय करतो. 'ते संपले' असे म्हणून कोणी त्यांचा हक्कच नाकारतो. तर कोणी केवळ इच्छेच्या बळावर, पुराव्यावाचून, भलत्यासच आप्त ठरवितो. यांपैकी पहिल्यात निष्ठुरता आहे, दुसऱ्यात असत्य. आणि यात सांत्वन शोधणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की, ओळख पटणे म्हणजे पुनर्मीलन नव्हे. ते तारे पुन्हा एकत्र येणार नाहीत. कालांतराने त्यांचे प्रवाहही आकाशगंगेत मिसळून अस्पष्ट होतील. गेलेले परत आणणे आपल्या हाती नाही. पण ते कोणाचे होते हे ठरविण्याजोगी साक्ष जोवर मिळते आहे, तोवर ती काळजीपूर्वक नोंदवून ठेवणे हे आपले कर्तव्य होय.