घरपट्टीची पावती

श्रीवर्धन-दापोलीच्या किनाऱ्यावर आमच्या मोहल्ल्यांत कुलूपबंद घरं पुष्कळ. माणसं आखातात; घरपट्टी मात्र वेळेवर भरली जाते. २०१५ च्या नियमांनंतर ग्रामपंचायती ती भांडवली मूल्यावर आकारतात. नमुना ८ वर नाव बहुधा थोरल्या भावाचं. ती नोंद कराची, मालकीची नव्हे, हे आम्ही सोयीनं विसरतो. मुंबईचं गिऱ्हाईक येतं, भाव चढतो आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. माहेर तुटेल या धास्तीनं ती सही करते. याला राजीखुशी म्हणायचं? सूरह निसामध्ये मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा दिला आहे. तो भावांच्या मर्जीवर सोडलेला नाही. भावानं भरलेली पट्टी हिशेबात जरूर धरावी, पण पट्टी भरली म्हणून तिचा हिस्सा बुडत नाही. आमच्या घराच्या पावत्याही अब्बांच्याच नावे आहेत. फुफीला अजून कुणी विचारलेलं नाही.