धनको कोण, ऋणको कोण?

सीमाभागातल्या माणसाला सरकारी कागद तीनदा वाचावा लागतो. तो हाती पडतो कानडीत, त्यामागचे नियम असतात इंग्रजीत, आणि घरच्यांना समजावून सांगायचा असतो मराठीत. मुख्याध्यापकाच्या टेबलावर शाळेच्या कामाइतकेच असे कागदही येतात. ‘सर, यात काय म्हटलंय तेवढं सांगा,’ म्हणत पालक समोर बसतात. वर्षानुवर्षे हे काम करताना एक गोष्ट ध्यानात आली. एका भाषेत सहज खपून जाणारा शब्द दुसऱ्या भाषेत नेताना अडतो, आणि जिथे तो अडतो तिथे बहुधा थांबून विचार करण्याजोगे काहीतरी असते.

‘लाभार्थी’ हा असाच एक शब्द. संस्कृतातल्या ‘अर्थी’चा अर्थ इच्छा करणारा, मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, शरणार्थी आसरा मागतो, तसा लाभार्थी लाभ मागतो. कानडी कागदावर याच माणसाला ‘फलानुभवी’ म्हणतात; फळाचा अनुभव घेणारा. योजना एकच, शेतकरीही एकच. पण मराठीत तो दारात हात पसरून उभा असतो आणि कानडीत तो पानावर बसलेला असतो. कानडी शब्दात मानाची जागा जरा अधिक आहे, हे आपण मराठी माणसांनी मोकळ्या मनाने मान्य करावे. तरीही मूळ प्रश्न दोन्ही शब्द टाळतात. देणारा जे देतो ते मेहरबानी म्हणून, की देणे लागतो म्हणून? आपल्या जुन्या व्यवहारात यासाठी दोन नेटके शब्द होते, धनको आणि ऋणको. सरकारी मदतीच्या व्यवहारात धनको कोण आणि ऋणको कोण, हे ठरवतो तो शब्द. हा प्रश्न टेलिफोनच्या उदाहरणावर तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तिथे एकेकाळी हे उत्तर योजनेच्या नावातच लिहिलेले होते.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत देशातल्या सर्व गावांत टेलिफोन पोहोचवण्याचे ठरवले. ते साधले नाही. १९९९ च्या नव्या धोरणाने मुदत २००२ पर्यंत नेली. त्या वेळी ग्रामीण भागात शंभर माणसांमागे अर्धासुद्धा टेलिफोन नव्हता, ०.४ हे प्रमाण २०१० पर्यंत ४ वर न्यायचे होते. खाजगी कंपन्या शहरात येत होत्या, पण डोंगरातल्या गावात तार ओढण्यात नफा नव्हता. तेव्हा १ एप्रिल २००२ पासून एक व्यवस्था सुरू झाली आणि तार कायद्यात २००३ साली केलेल्या दुरुस्तीने तिला कायद्याचा आधार मिळाला. तिचे नाव ‘युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड’, म्हणजे सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. टेलिफोन कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातून ५ टक्के रक्कम या निधीसाठी घ्यायची आणि जिथे सेवा परवडत नाही तिथे ती पोहोचवायला वापरायची, अशी ही रचना. ज्या कंपनीला सर्वांत कमी मदत लागेल तिला काम, अशी उलटी बोलीही त्यात होती. सुरुवातीला हे साध्या टेलिफोनपुरतेच होते. २००६ च्या दुरुस्तीने मोबाइल आणि ब्रॉडबँडही त्यात आले.

या नावातला ‘दायित्व’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या लोकांना परवडणाऱ्या, वाजवी दरात सेवा मिळवून देणे हे ‘दायित्व’ होय, अशी व्याख्याच कायद्याने केली. म्हणजे घाटातल्या खेड्यातला माणूस इथे मागणारा उरला नाही. तो धनको झाला आणि बाकीचा देश त्याचा ऋणको.

हे ऋण आले कुठून, असे कोणी विचारील. टेलिफोनचे जाळे मोठे होते तसे जाळ्यात असलेल्या प्रत्येकाचा टेलिफोन अधिक उपयोगाचा होतो. खेड्यातल्या आईकडे फोन आला की पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनची किंमत वाढते. शिवाय ५ टक्क्यांचा हा भार कंपनीच्या हिशेबातून शेवटी ग्राहकाच्याच खिशावर येतो. महिन्याचे रिचार्ज मारणारा ऊसतोड मजूर या निधीत आपला वाटा टाकत असतो. त्याच मजुराच्या वस्तीवर मनोरा उभा राहतो तेव्हा कागदोपत्री तो ‘लाभार्थी’ होतो. स्वतःच्याच गल्ल्यातून मिळालेल्या पैशाबद्दल त्याने कोणाचे आभार मानायचे?

शब्दाच्या अर्थाला पैशांत किंमत असते, हे कंपन्यांना आपल्याआधी कळले होते. ‘समायोजित सकल महसूल’ म्हणजे नेमके काय, त्यात भाडे, व्याज, लाभांश धरायचे की नाही, यावर सरकार आणि कंपन्या दीड दशकाहून अधिक काळ भांडल्या. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्थ उचलून धरला, तेव्हा परवाना शुल्कापोटीच सुमारे ९२ हजार कोटी रुपयांची थकबाकी पुढे आली. तीन शब्दांच्या एका पदाचा हा हिशेब. ‘महसूल’ या शब्दासाठी दोन्ही बाजूंनी नामांकित वकील उभे राहिले. ‘गाव’ या शब्दासाठी कोण उभे राहणार?

कारण खरी गंमत त्या शब्दात आहे. अशा योजनांत गाव म्हणजे जनगणनेच्या यादीतले, वस्ती असलेले महसुली गाव. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात गाव म्हणजे एक गावठाण आणि लांबलांब विखुरलेल्या वाड्या, वस्त्या, धनगरवाडे. गावठाणात एक सार्वजनिक टेलिफोन बसला की गाव यादीत ‘व्याप्त’ झाले. मधला ओढा पावसाळ्यात ओलांडता येत नाही, हे यादीला ठाऊक नसते. लोकांनी मात्र आपल्यापुरता एक शब्द शोधून काढला आहे, ‘रेंज’. गाव व्याप्त आहे का, असे कोणी विचारत नाही. रेंज आहे का, असे विचारतात. २०२० आणि २०२१ साली शाळा बंद होत्या तेव्हा घाटावरची मुले मोबाइल घेऊन टेकडीवर चढून बसत ती रेंजसाठी.

भारतनेट योजनेतही असाच एक शब्द आहे. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची ही योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ पासून या नावाने ओळखली जाते. तिच्या तक्त्यात ‘सर्व्हिस रेडी’, म्हणजे सेवासज्ज पंचायतींचा आकडा असतो. आम्हा शिक्षकांना पट आणि हजेरी यांतला फरक सांगावा लागत नाही. पटावर साठ मुले असतात आणि वर्गात बेचाळीस. सज्ज हा पट आहे, सेवा ही हजेरी. पट खोटा नसतो. पण हजेरीच्या जागी पट वाचून दाखवला तर तो खोट्याचे काम करतो.

व्याकरणाच्या तासाला मी मुलांना कर्ता शोधायला सांगतो. सरकारी मराठीत तो सापडत नाही. ‘गाव व्याप्त करण्यात आले आहे’, ‘लाभ देण्यात येईल’. कोणी केले, कोण देणार? दायित्व हा एकच शब्द असा होता की तो उच्चारताच ‘कोणाचे?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. त्याची संबंधित कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली आणि या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. नावातून दायित्व गेले. यामागे कुणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. नव्या कायद्यात सार्वत्रिक सेवेचा उद्देश आहे. ग्रामीण आणि दुर्गम भागाच्या जोडीला सेवा अपुरी असलेला शहरी भागही आला, संशोधनाला जागा मिळाली. त्याआधी जुलै २०२२ मध्ये २४,६८० व्याप्त नसलेल्या गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना याच निधीतून मंजूर झाली होती. उलट, नावात दायित्व असताना जमलेली रक्कम आणि खर्चलेली रक्कम यांत वर्षानुवर्षे मोठी तफावत राहिली, हेही खरे. मग कोणी म्हणेल, ‘सर, मनोरा आल्याशी कारण. नाव काही का असेना.’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला डॉक्टरांना लागणारा फोन हवा असतो, शब्द नको असतो. पण शब्दाची गरज मनोरा उभा राहतो त्या दिवशी पडत नाही. तो बंद पडतो त्या दिवशी पडते. देणगीतला मनोरा बंद पडला तर आपण विनंतीअर्ज करतो. देण्यातला मनोरा बंद पडला तर आपण जाब विचारतो. अर्ज आणि जाब यांत जे अंतर आहे, तेच प्रजा आणि नागरिक यांतले अंतर आहे.

अमेरिकेत याचा रोकडा अनुभव नुकताच आला. तिथे गरीब घरांच्या टेलिफोनला सवलत देणारी ‘लाइफलाइन’ नावाची योजना १९८५ पासून आहे. कंपन्यांवर बसवलेल्या वर्गणीतून, सार्वत्रिक सेवेचे कर्तव्य म्हणून आज ती चालते, आणि २०२५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही वर्गणी वैध ठरवली. कोविडकाळात इंटरनेटसाठी दुसरी मदत निघाली. तिच्या पहिल्या नावातच ‘बेनिफिट’ म्हणजे लाभ हा शब्द होता. ती २ कोटी ३० लाखांच्या आसपास कुटुंबांपर्यंत पोहोचली. तिच्यासाठी वेगळी रक्कम काढून ठेवली होती. ती संपली, नवी मंजूर झाली नाही, आणि १ जून २०२४ रोजी मदत थांबली. लाभ संपतो, देणे फिटेपर्यंत उरते.

‘अनुदान’ या शब्दाबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण माझे सारे आयुष्य या शब्दाच्या छायेत गेले. मराठीत अनुदान, कानडीतही अनुदान. या बाबतीत सीमेवर वाद नाही. त्यात ‘दान’ बसलेले आहे, आणि दान म्हटले की देणाऱ्याचा हात वर जातो. ‘सबसिडी’चे मूळ मात्र निराळे आहे. रोमन सैन्यात मागे राखून ठेवलेल्या, फळी जिथे कमकुवत होईल तिथे धावून जाणाऱ्या तुकडीला ‘सब्सिडियम’ म्हणत. मागची तुकडी पुढच्या शिपायावर उपकार करत नाही, कारण सैन्य एकच असते. पुढची फळी मोडली तर मागच्याचीही धडगत नाही. आपण शब्द घेतला तो दानाचा. अर्थ मात्र या तुकडीचा घ्यायला हवा होता.

शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे एवढाच त्याचा हेतू नसावा. राज्य कोणाचे, हे रोजच्या कारभाराच्या शब्दांतून दिसावे, हीही त्यामागची दृष्टी असावी. आपल्या हाती कोश करणे नाही. पण वाचणे आहे. दोन भाषांत वाढलेली आपली मुले एका शब्दाला दुसऱ्या शब्दाने तपासू शकतात, आणि एकभाषी प्रांतातल्या मुलांना हे सहजी जमत नाही. त्यांना एवढे शिकवू या, की सरकारी वाक्य आले की आधी त्यातला कर्ता शोधा. तो सापडला नाही, तर अर्जाच्या खाली सही करण्यापूर्वी विचारा, यात देणे कोणाचे आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत ‘लाभार्थी’ हा शब्द आपल्या नावापुढे लावून घेऊ नका.