कमाई खपते, वेळ खुपतो

घरातली बाई नोकरीला लागली की घर विस्कटते, ही समजूत सोलापुरात तपासून पाहण्यासारखी आहे. इथल्या पूर्व भागात, विशेषतः तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांत, हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या आहेत. कारखान्यातून पाने-तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. एकेक कापडगिरणी बंद पडत गेली, यंत्रमागाची मजुरी अपुरी पडू लागली, तेव्हा याच कमाईने चुली पेटत्या ठेवल्या. कुंभारीला २००६ साली लोकार्पण झालेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत सुमारे १०,००० घरे उभी राहिली, ती विडी कामगार महिलांसाठीच. बाईच्या पैशाने इथे संसार मोडल्याचे कुणी म्हणत नाही.

मग सुनेने दवाखान्यात, दुकानात किंवा कचेरीत नोकरी धरली की तेच घर का अस्वस्थ होते? माझ्या मते घराला तिचा पैसा खुपत नाही, तिचा वेळ हातून जातो ते खुपते. विडी वळणारी बाई हाक आली की सूप बाजूला ठेवते, भाकरी थापते, पाहुण्याला चहा देते. नोकरीचे आठ तास असे कुणाच्या हाकेला थांबत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या घरचे काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत जेमतेम एक. घर हलते ते या हिशेबामुळे.

मुलांची आबाळ होते, असे म्हणतात. पण आई दिवसभर घरात असूनही एकाच खोलीत तंबाखूच्या धुळीत वाढणाऱ्या मुलांची काळजी तेव्हा कुणी फारशी केली नाही. सासूवर भार पडतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. उतारवयात तिच्या गळ्यात पुन्हा स्वयंपाक आणि नातवंडे पडतात, आणि तिला पगारही नसतो. त्यावर उपाय सुनेला घरी बसवणे हा नव्हे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय मालकाने करावी, असे प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने सांगितले. छोटे गारमेंट कारखाने आणि दुकाने त्यातून सुटतात. असे कारखाने-दुकाने असलेल्या वस्त्यांत चार मालकांनी महापालिकेच्या साथीने एक पाळणाघर चालवणे अवघड नाही. ते होत नाही तोवर सुनेची नोकरी सासूच्या कष्टांवर चालते, सासूचा राग सुनेवर निघतो, आणि दोघींच्या मधे बसलेल्या नवऱ्याला कुणीच काही विचारत नाही.