योग्य आमिष कोणतें?

'योग्य' हा शब्द आपल्या भाषेंत मोठा सोयीचा आहे. कुलूप उघडणारी किल्ली योग्य, आणि न्यायाधीशानें दिलेला रास्त निकालही योग्य. पहिल्या ठिकाणीं योग्य म्हणजे काम साधणारें. दुसऱ्या ठिकाणीं योग्य म्हणजे न्यायाला धरून असलेलें. व्यवहारांत हे दोन अर्थ एकमेकांना इतके लागून बसतात कीं, एक केव्हां उठून गेला आणि त्याच्या जागीं दुसरा केव्हां येऊन बसला हें कळतही नाहीं. आणि मग जें साधतें तेंच रास्त, अशी समजूत नकळत होऊन बसते. हा घोटाळा नीट पाहण्यासाठीं आम्ही आज एक लहान, आणि आमच्या बहुतेक वाचकांस परका वाटेल असा विषय घेत आहों : अमेरिकेंतील बास मासा धरण्यासाठीं योग्य आमिष कोणतें? ज्या विषयांत आपला स्वार्थ गुंतलेला नसतो, त्यांत तत्त्व अधिक स्वच्छ दिसतें.

हा मासा कोण, तें प्रथम सांगितलें पाहिजे. कोंकणांतील जिताड्याला इंग्रजींत सी-बास म्हणतात. परंतु तो निराळा. येथें अभिप्रेत असलेला बास उत्तर अमेरिकेच्या नद्यांत व तळ्यांत राहणारा, गोड्या पाण्यांतला शिकारी मासा होय. त्याच्या मोठ्या तोंडाची व लहान तोंडाची अशा दोन प्रमुख जाती असून, त्या दोहोंना १८०२ सालीं लासेपेद या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें शास्त्रीय नांवें दिलीं. १८८१ सालीं जेम्स हेन्शल या डॉक्टरानें या एकट्या माशावर सबंध ग्रंथ लिहिला, आणि शौकी लोकांत त्याची प्रतिष्ठा वाढत गेली. आज हा मासा बहुधा खाण्यासाठीं धरीत नाहींत; त्याच्या झुंजीचा आनंद घेण्यासाठीं धरतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पोटासाठीं गळ टाकणाऱ्या कोळ्याचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याला नीतीचे पाठ देण्याचा आमचा हेतु नाहीं.

आमिष या शब्दाचा मूळ अर्थ मांस. गळाला मांसाचा तुकडा लावीत, म्हणून भुरळ पाडणाऱ्या प्रत्येक वस्तूस आपण आमिष म्हणूं लागलों. बाससाठीं जीं आमिषें वापरतात त्यांतल्या बहुतेकांत मात्र आतां मांसाचा कणही नसतो. लांकूड, पत्रा, शिसें, रबर व प्लॅस्टिक यांचीं तीं बनलेलीं असतात. मिशिगनमधील डोवॅजिक गांवच्या जेम्स हेडन यांच्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, चाकूनें तासलेला लांकडाचा तुकडा त्यांनीं सहज पाण्यांत फेंकला, तोंच एका बासनें त्यावर झडप घातली. पुढें त्यांनीं लांकडी आमिषांचा कारखानाच काढला. फिनलंडमधील लौरी रापाला हे धंद्यानें मासेमार होते. शिकारी मासा मासळीच्या थव्यांतून धडधाकट मासा उचलीत नाहीं, जो लंगडत पोहतो त्यालाच उचलतो, हें त्यांनीं हेरलें. आणि १९३६ सालीं बुचाच्या लांकडाचें, चॉकलेटच्या चंदेरी कागदानें मढविलेलें व तशाच लंगड्या चालीनें पोहणारें आमिष घडविलें. त्याच घडणीचीं आमिषें पुढें अमेरिकेंत बाससाठीं लोकप्रिय झालीं. १९४९ सालीं ओहायोंतील ॲक्रन येथें निक क्रीम यांनीं मऊ प्लॅस्टिकचें गांडूळ तयार केलें.

अशा शोधांमुळें आज तिकडच्या गळ टाकणाऱ्याजवळ कप्प्याकप्प्यांची एक पेटी असते व तींत नाना तऱ्हेचीं आमिषें असतात. त्यांतून एक निवडणें ही खरोखर कला आहे. पाणी निवळ असेल तर बारीक मासळीसारख्या सौम्य रंगाचें आमिष घ्यावें. गढूळ असेल तर काळें किंवा भडक पोपटी, आणि शिवाय पत्र्याच्या फिरत्या पात्यांनीं पाण्यांत थरथर उठविणारें घ्यावें. कारण माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी एक संवेदनशील रेषा न दिसणाऱ्या वस्तूचीही चाहूल त्याला देते. पाणी थंड असतां मासा सुस्त असतो. तेव्हां शिशाच्या डोक्याचें, जिग नांवाचें आमिष तळाशीं सावकाश सरकवावें. उन्हाळ्यांत पहाटे व सायंकाळीं पाण्याच्या पृष्ठभागावर बेडकासारखें फडफडणारें आमिष चालतें. शरद् ऋतूंत लहान शॅड माशांचे थवे तळ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागोमाग जातो. तेव्हां रुपेरी आमिष बरें. पाणवनस्पति दाट असतील तेथें गळाचें टोंक प्लॅस्टिकच्या गांडुळाच्या अंगांतच लपवावें, म्हणजे तें झुडपांत अडकत नाहीं.

ही यादी लक्षपूर्वक वाचली तर दिसून येईल कीं, हें सारें ज्ञान दुसऱ्या एका जीवाच्या अंतरंगाचें ज्ञान आहे. त्याला केव्हां भूक लागते, काय दिसतें, काय ऐकूं येतें, कशाची भीति वाटते, हें जाणल्यावांचून आमिष निवडतां येत नाहीं. आई मुलाविषयीं, वैद्य रोग्याविषयीं आणि गुरु शिष्याविषयीं जें जाणतो, तेंच हें. इतकें जाणल्यावर ममता उपजावी हें स्वाभाविक आहे, व ती उपजतेही. १९२२ सालीं शिकागो येथें स्थापन झालेली आणि नद्यांच्या स्वच्छतेसाठीं झगडणारी आयझॅक वॉल्टन लीग ही संस्था गळ टाकणाऱ्यांनींच काढली. तेव्हां गळ टाकणारा म्हणजे निर्दय, असें म्हणून प्रश्न सुटत नाहीं. खरा प्रश्न असा कीं, दुसऱ्याचें अंतरंग कळल्यावर त्यांतील कोणत्या वृत्तीला हांक मारण्याचा आपल्याला अधिकार आहे?

वसंत ऋतूंत हा प्रश्न उग्र रूप धारण करतो. पाण्याचें उष्णमान सुमारें १५ ते २० अंश सेल्सिअसवर आलें म्हणजे नर बास उथळ पाण्यांत शेंपटीनें तळ झाडून वाटोळें घरटें करतो. मादी तेथें अंडीं घालून निघून जाते. नंतरचें सर्व संगोपन बापाकडे. अंड्यांवर तो पंखांनीं पाणी खेळवितो, ब्लूगिलसारख्या अंडीं खाणाऱ्या माशांना हुसकून लावतो, आणि पिलें बाहेर पडल्यावरही कांहीं आठवडे त्यांच्या थव्याची राखण करतो. या काळांत तो स्वतः फारसें खातही नाहीं. मग ज्याला खाण्याची इच्छा नाहीं त्याला आमिष कोणतें दाखवावें? याचें उत्तर गळ टाकणाऱ्यांनीं केव्हांच शोधून काढलें आहे. आमिष खाद्याच्या रूपाचें न घेतां घरट्यांत शिरणाऱ्या शत्रूच्या रूपाचें घ्यावें : पालीसारखा दिसणारा सॅलॅमँडर, शेवंडासारखा क्रेफिश, किंवा ब्लूगिलच. तें नेमकें अंड्यांवर नेऊन ठेवावें आणि जागच्या जागीं हालवावें. बाप तें तोंडांत धरून घरट्याबाहेर टाकावयास जातो, आणि गळाला लागतो. कित्येक जण हें आमिष पांढऱ्या रंगाचें घेतात. तें माशाला आवडतें म्हणून नव्हे, तर उथळ पाण्यांत स्वतःला तें स्पष्ट दिसावें म्हणून. माशाच्या आवडीचा विचार येथें संपलेला असतो. त्याचें कर्तव्य हेंच त्याचें आमिष झालेलें असतें.

कोणी म्हणेल, गळ तो गळ. भुकेनें लागला काय आणि मायेनें लागला काय, माशाला दोन्ही सारखेंच. शारीरिक वेदनेपुरतें हें खरें असेल. परंतु भुकेला मासा जेव्हां आमिषावर झडप घालतो, तेव्हां तो दुसऱ्याचा जीव घेण्यास निघालेला असतो. शिकाऱ्याची शिकार व्हावी, हा त्याच्या जीवनाचा नेहमींचाच धोका आहे. घरटें राखणारा बाप मात्र स्वतःसाठीं कांहींच मागत नसतो. शिवाय त्याच्या फसण्याची किंमत तो एकटा देत नाहीं. ज्यांनीं आमिष पाहिलेंही नाहीं, तीं अंडीं ती किंमत देतात.

या बाबतींत इलिनॉय संस्थानांतील रिज लेक या तळ्यावर झालेलें संशोधन मोठें उद्बोधक आहे. वारंवार गळाला लागणारे बास आणि क्वचितच लागणारे बास वेगळे करून, शास्त्रज्ञांनीं त्यांचे वंश तीन पिढ्या निरनिराळे वाढविले. दोन्ही वंशांतील अंतर पिढीगणिक वाढत गेलें. म्हणजे गळाला लागण्याची प्रवृत्ति आनुवंशिक आहे, असा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापुढची गोष्ट २०१२ सालीं प्रसिद्ध झाली : जे नर सहज गळाला लागतात, तेच घरट्याची राखण अधिक नेटानें करतात. जो बाप अधिक चांगला, तो अधिक लवकर फसतो! असेच बाप वर्षानुवर्षें घरट्यावरून उचलले गेले, तर तळ्यांत मागें कोण उरतील? शत्रु अंड्यांवर आला तरी जे जागचे हालत नाहींत, ते. आपण आमिष निवडतों असें आपल्याला वाटतें. पण तें आमिषही पाण्याखालीं आपली निवड करीत असतें, आणि उत्तमाला वेंचून काढून उदासीनाला मागें ठेवीत असतें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, धरलेला मासा हल्लीं परत सोडतात. हें खरें आहे. बासच्या स्पर्धांचे प्रवर्तक रे स्कॉट यांनीं १९७२ सालापासून आपल्या स्पर्धांत मासा जिवंत सोडण्याची रीत पाडली, आणि ती चांगलीच झाली. परंतु बाप घरट्यापासून दूर असतो तेवढ्या अवधींत ब्लूगिल अंडीं फस्त करूं लागतात. दमलेला बाप परतला तरी कित्येकदां घरटें सोडून देतो. यामुळें तळ्यांतील एकंदर संख्या घटतेच असें नाहीं. उरलेल्या घरट्यांतील पिलें ती तूट भरून काढतात कीं काय, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. पण संख्या भरून निघाली म्हणजे कृत्य निर्दोष ठरलें, असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निसर्गच आमिषें दाखवितो, मग एकट्या माणसानें कां लाजावें? अमेरिकेंतील नद्यांत एक प्रचंड कांसव आहे. तें तळाशीं तोंड उघडून बसतें आणि जिभेवरील गांडुळासारखा लाल तंतु हालवून मासे धरतें. तिकडच्या एका जातीच्या काजव्याची मादी तर दुसऱ्या जातीच्या मादीची प्रकाशखूण करून, प्रणयोत्सुक नरांना बोलावते आणि खाऊन टाकते. म्हणजे केवळ भुकेलाच नव्हे, तर प्रेमालाही निसर्ग गळ लावतो. हें आम्ही मान्य करतों. परंतु कांसवाला एकच जीभ आहे. काजव्याला पेटींतून निवड करावयाची नसते. गळ टाकणाऱ्याच्या पेटींत शेंकडों आमिषें असतात आणि तो त्यांतून एक उचलतो. जेथें निवड आली तेथें नीति आली. निसर्ग करतो म्हणून आपणही करावें, हा युक्तिवाद ज्याला निवड नाहीं त्यालाच शोभेल.

महाभारतांत द्रोणवधाच्या प्रसंगीं हाच विचार आम्हांस दिसतो. शस्त्रानें द्रोण आवरत नाहींत असें पाहून पांडवपक्षानें आमिष निवडलें, आणि तें फार अचूक निवडलें. द्रोणांना राज्याचा लोभ दाखवून उपयोग नव्हता, मृत्यूचें भय दाखवूनही नव्हता. पण ते बाप होते. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मारला गेला, युधिष्ठिराच्या मुखांतून अर्धवट सत्य बाहेर पडलें आणि म्हाताऱ्यानें शस्त्र खालीं ठेवलें. आमिष कामाला आलें. परंतु जमिनीपासून चार अंगुळें वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्याच क्षणीं भुईला टेंकला, असें व्यास सांगतात. त्या युद्धांत कपटें पुष्कळ झालीं, आणि द्रोणही कांहीं निर्दोष नव्हते. तरी रथ खालीं आला तो या वेळीं.

आमच्या वाचकांपैकीं बासला गळ टाकणारा क्वचितच कोणी असेल. परंतु या जातीचीं आमिषें आपल्या घराघरांत येत आहेत. 'तुमचा मुलगा अडचणींत आहे, ताबडतोब पैसे पाठवा,' असा खोटा निरोप आज दूरध्वनीवरून येतो, आणि वृद्ध आईबाप आयुष्याची पुंजी देऊन बसतात. अशांना लोक लोभी किंवा मूर्ख म्हणतात, हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय होय. लोभी मनुष्य हिशेब करीत बसला असता. हे धांवले, म्हणून फसले. मुलांच्या भवितव्याची भीति घालून शिकवण्या विकणारे, आणि मरणोन्मुखाच्या नातेवाइकांना हमखास औषध विकणारे, हे सर्व त्याच घरट्यावर आमिष ठेवीत असतात. यांत पैशाची हानि होते ती दिसते. परंतु अधिक मोठी हानि दिसत नाहीं. एकदां फसलेला मनुष्य दुसऱ्या वेळीं खरी हांक आली तरी दार उघडीत नाहीं. त्याचा शेजारीही त्याचें पाहून शहाणा होतो. अशा रीतीनें समाजांतही जागचे न हालणारे तेवढे सुखरूप राहतात, आणि सुखरूप राहणें म्हणजेच शहाणपण, असें मुलें आपल्या वडिलांकडून शिकतात.

म्हणून, योग्य आमिष कोणतें, या प्रश्नाला आमच्या मतें एक पोटप्रश्न जोडला पाहिजे : हें आमिष समोरच्या जीवाच्या कोणत्या गुणाला धरून ओढतें? तो गुण नाहींसा झालेला आपल्याला चालेल काय? कॅनडांतील ओंटारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत जून महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे बास पिलें राखीत असतो तोंवर, त्याची शिकार बंद ठेवण्याचा नियम आहे. जेथें असा नियम नाहीं तेथें गळ टाकणाऱ्यानें तो स्वतःपुरता करावा. पाणी, रंग, ऋतु व वेळ पाहून त्यानें खुशाल हवें तें आमिष निवडावें आणि भुकेल्या माशाशीं आपली अक्कल ताडून पाहावी. मात्र उथळ पाण्यांत झाडलेलें वाटोळें घरटें आणि त्यावर घिरट्या घालणारा बाप दिसला, तर पेटी मिटून पुढें जावें. तेथें योग्य असें कोणतेंच आमिष नाहीं.